लुओंगांच्या घराचे डोळे

१

नकाशात सातव्या आकड्यासमोर लिहिलं होतं: आत जाण्याआधी वर बघा. घर तुमच्याकडे बघत आहे.

हनोईहून आलेल्या त्या बाईंनी टोपी मागे सारली आणि वर बघितलं. मग नकाशा उलटा करून बघितला. मग दारात तिकिटं फाडत बसलेल्या येनला त्यांनी विचारलं, की लुओंगांचं घर हेच ना, कारण इथे वर नुसती दोन भोकं दिसतायत.

येन बाहेर आली. दुपारी मागच्या दाराने परतल्यावर तिने पुढचं दार आतून उघडलं होतं, त्यामुळे तिचं वर लक्ष गेलं नव्हतं. आता तिने बघितलं. दारावरच्या तुळईत, जिथे तिच्या पणजोबांच्या वेळेपासून दोन डोळे होते, तिथे दोन काळी भोकं होती आणि भोवती फिकट लाकडाची दोन वर्तुळं.

होई आनमधल्या प्रत्येक जुन्या घराच्या दारावर असे डोळे असतात. बशीएवढ्या लाकडी चकत्या, कडेने कोरलेल्या पाकळ्या. कोण आलं, कोण गेलं, काय मनात धरून आलं, हे ते बघतात असं मानतात. नव्या वर्षाला त्यांना नवं लाल कापड बांधतात. डोळे गेलेल्या घराला कुणी शिव्या देत नाही. त्या घराकडे बघायचंच टाळतात. येनही खाली बघू लागली, आणि हातातली तिकिटं उगाचच सारखी करत राहिली.

समोरच्या घरात क्वांग मास्तर राहत. तो नकाशा त्यांनीच लिहिला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर नगरपालिकेने त्यांना विचारलं होतं, की मार्गदर्शकाशिवाय, नुसता कागद हातात धरून पाहुण्यांना जुनं गाव पायी फिरता येईल असं काही लिहाल का. मास्तरांनी वर्षभर त्या एका कागदावर डोकं घातलं आणि तरीही छापून आल्यावर त्यांना प्रत्येक ओळ चुकल्यासारखी वाटली. एकच ओळ त्यांना बरी वाटत असे. ती हीच, सातव्या आकड्याची.

संध्याकाळी येनचा मोठा भाऊ विन्ह आला. तो दा नांगला कामाला गेला होता म्हणे. पोलीस फोटो काढून गेले होते आणि गल्लीतली माणसं दारात जमली होती. विन्हने आधी भोकांकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि शेवटी गर्दीत सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या मास्तरांकडे.

"मास्तर, तुमच्या नकाशाने काम सोपं केलं," तो म्हणाला. "घर कुठलं ते सांगितलंत. कुठे बघायचं ते सांगितलंत. शिडी तेवढी द्यायची राहिली."

लोक हसले. मास्तर आपल्या दारापर्यंत मागे सरकले.

मग विन्ह बहिणीवर उलटला. भर दुपारी घर मोकळं टाकून ती कुठे गेली होती, हे त्याने सगळ्या गल्लीसमोर विचारलं. खरं तर सगळी गल्लीच तिथे होती: कोपऱ्यावरच्या घरी श्राद्ध होतं, येन स्वयंपाकाला मदत करायला गेली होती, विन्हची बायकोही तिच्याशेजारी बसून भाजी चिरत होती. पण विन्हला ते ऐकायचं नव्हतं. नदीकडच्या रस्त्यावर त्या वेळी तिएन सुताराला हत्यारांची पिशवी घेऊन जाताना लोकांनी बघितलं होतं. मागच्या दाराची येनची किल्ली बाहेरच खिळ्याला टांगलेली असते हे तिएनला ठाऊक होतं. आणि तिएनचं येनकडे सारखं काय काम असतं, हेही गावाला ठाऊक आहे, असं विन्ह म्हणाला. येनचा चेहरा लाल झाला. साठीच्या बाईला असं बोललं की ती उत्तर देऊ शकत नाही, हे बोलणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

"उद्या दुपारी चौथे काका येतील," विन्ह म्हणाला. "जिला वाडवडिलांचे डोळे सांभाळता आले नाहीत, तिच्याकडे घर ठेवायचं का, ते उद्या कुटुंब ठरवेल."

चौथे काका म्हणजे वडिलांचे भाऊ, घराण्यात आता त्यांचाच शब्द शेवटचा; याचा अर्थ काय, हे गल्लीत सगळ्यांना कळलं. सायगावच्या एका कॉफीवाल्याला ते घर भाड्याने हवं होतं. विन्ह केव्हाचा तयार होता. पितरांची वेदी ज्या घरात आहे ते घर सगळ्यांच्या होकाराशिवाय देता येत नाही आणि येन होकार देत नव्हती. ती त्याच घरात जन्मली होती, लग्न न करता तिथेच आईवडिलांचं सगळं केलं होतं. उद्या ती बाजारामागच्या कुठल्यातरी खोलीत गेली असती.

२

मास्तरांना राग सहसा येत नसे. आलाच तर उशिरा येई, चुकीच्या पत्त्यावर टाकलेल्या पाकिटासारखा. त्या रात्री घरी बसून त्यांनी आपलाच नकाशा पुन्हा वाचला आणि विन्ह म्हणतो ते खरं असेल असंच त्यांना वाटलं. पहाटे चहा ओतताना मात्र पेला भरून वाहिला तरी ते ओततच राहिले. आधी त्यांना वाटलं म्हातारपण. मग लक्षात आलं की हा राग आहे, आणि तो स्वतःवरचा नाही.

ते रस्ता ओलांडून गेले आणि येनला म्हणाले, "येनताई, मला एक स्टूल द्या."

स्टुलावर चढून त्यांनी तुळई आतून बघितली. दारावरचे डोळे म्हणजे नुसती शोभा नसते; दोन लांब खुंट्यांची ती डोकी. खुंट्या तुळईतून आरपार येतात आणि आतल्या बाजूने त्यांना पाचरी ठोकलेल्या असतात. पाचरी काढल्याशिवाय डोळे निघत नाहीत, आणि पाचरी फक्त घरात उभं राहून काढता येतात. म्हणजे चोर नकाशा बघत रस्त्यावरून आला नव्हता. तो मागच्या दाराने आत आला होता.

दोन्ही पाचरी खिडकीच्या पट्टीवर शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या होत्या, त्यांच्यावरची धूळही पुसलेली. मास्तरांनी त्या उचलून बघितल्या. लाकडावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता.

"काल जाण्याआधी झाडलं होतंत?"

"मी न झाडता घराबाहेर पडते का?" येन म्हणाली. कालपासून तिला कुणीही काहीही विचारलं तरी तो आरोपच वाटत होता.

"मग हे काय?"

पितरांच्या वेदीखाली, टेबलाच्या पायाला टेकून, सिगारेटचा फिल्टर पडला होता. येनने तो उचलला आणि हात दूर धरला, जणू मेलेली पाल. या घरात कुणी सिगारेट ओढत नाही, ती म्हणाली. बाबांची छाती बिघडली त्या दिवशी डॉक्टरांसमोरच त्यांनी तंबाखू सोडली आणि तेव्हापासून ती पाहुण्यांनाही उंबऱ्याबाहेर काढते. तिने स्वतः बाबांचा तंबाखूचा डबा नदीत फेकला होता.

मास्तरांनी फिल्टर तळहातावर घेतला. तो कोरडा होता, पांढरा स्वच्छ. एका टोकाला फाटलेला कागद आणि तंबाखूचे दोन-तीन धागे. तो जळलेला नव्हता, ओठांनाही लागलेला नव्हता. सिगारेट पेटवण्याआधीच कुणीतरी तो मोडून काढला होता.

३

तिएन सुताराचा कारखाना नदीपलीकडे होता. मास्तर नावेतून गेले. तिएन रंधा मारत होता आणि तो थांबला नाही.

"तुम्हीही विचारायला आलात?" तो म्हणाला. "विचारा. पोलिसांनी विचारलं, विन्हच्या मेव्हण्याने विचारलं, नाववाल्यानेसुद्धा विचारलं. तुमचाच नंबर राहिला होता."

मास्तर ओशाळले आणि रंध्यातून निघणाऱ्या ढलप्यांकडे बघत बसले. तिएनच बोलायला लागला. पुराचं पाणी ओसरल्यावर लुओंगांच्या दाराची तुळई त्यानेच दुरुस्त केली होती. तेव्हा ते डोळे काढून तो इथे घेऊन आला होता आणि ते त्या फळीवर कितीतरी दिवस होते. हवे असते तर त्याने तसेच दुसरे कोरून बसवले असते आणि लुओंगांच्या सात पिढ्यांना कळलं नसतं. ते सोडून भर दुपारी, गावासमोर, पिशवी खांद्यावर टाकून तो चोरी करायला गेला, असं ज्याला वाटतं त्याने आपलं डोकं एकदा रंध्याखाली घालावं. काल तो तिथे आधी विसरलेली पटाशी न्यायला गेला होता. दार बंद होतं. तो परत आला.

मास्तरांनी फिल्टर दाखवला. तिएनने कोपऱ्यातल्या आपल्या बांबूच्या हुक्क्याकडे बोट केलं. तो त्याशिवाय दुसरं काही ओढत नव्हता.

"पण हा ओढण्याआधीच मोडलाय," तो म्हणाला. "पैसे देऊन फिल्टरची सिगारेट घ्यायची आणि फिल्टर टाकून द्यायचा. चोर आहे की म्हातारा?"

तिथून मास्तर लामकडे गेले. लाम जुन्या वस्तू विकतो आणि त्याने गेल्या वर्षी त्या डोळ्यांना मागणी घातली होती. येनने त्याला झाडू दाखवला होता. मास्तरांना बघून तो आपणहून चहा ओतू लागला आणि म्हणाला, की संशय घ्यायचाच असेल तर बसून घ्या, उभ्याने घेऊ नका.

"मी मागितले होते हे खरं. आता फुकट दिले तरी घेणार नाही. तुमच्यामुळेच, मास्तर."

"माझ्यामुळे?"

"तुमचा नकाशा घेऊन जो येतो तो वर बघतो, आणि बघितलं की फोटो काढतो. जगात ते डोळे ओळखणार नाही असा माणूस आता राहिलाय का? ते विकायला काढणारा दुसऱ्या दिवशी तुरुंगात." लामने चहा पुढे सरकवला. "ते विकायला नेलेले नाहीत. मला धंद्यातलं एवढं तरी कळतं."

मास्तरांनी चहा तसाच ठेवला. कालपासून जी गोष्ट त्यांच्या छातीवर बसली होती ती उठली आणि तिच्या जागी राग अधिक ऐसपैस बसला. विकायचे नव्हते, तर न्यायचे कशाला? डोळे गेल्याने कुणाला काही मिळणार असेल तर ते एकाच माणसाला मिळणार होतं. पण हे नुसतं म्हणून काय होतं? विन्ह दा नांगला होता असं सगळे सांगत होते. शिवाय विन्ह सिगारेट ओढत नव्हता. पहाटे नदीकाठी धावणारा, लोकांना साखरेचे तोटे सांगणारा माणूस तो.

तिएन नाही, लाम नाही, विन्हही नाही. मग ती सिगारेट ओढली कुणी?

४

दुपारी कुटुंब जमायच्या आधी मास्तर पुन्हा येनकडे गेले आणि वेदीसमोर उभे राहिले. येनच्या वडिलांचा फोटो मधोमध होता, समोर चहाचा पेला आणि वाळूने भरलेलं भांडं. भांड्यात उदबत्त्यांच्या लाल काड्या दाटीने उभ्या होत्या. उदबत्ती जळून जाते, काडी राहते. मास्तर वाकले. काड्यांच्या मधे एक जागा मोकळी होती. तिथे काडी नव्हती. बोटाएवढी जाड, पांढरी राख तेवढी उभी होती, कुणी धक्का न लावल्यामुळे अजून आपला आकार सांभाळून.

गावात पुरुषांच्या श्राद्धाला हे सगळेच करतात. ज्याला आवड होती त्याला एक सिगारेट पेटवून उदबत्तीसारखी उभी करून देतात.

ती सिगारेट चोराने ओढलीच नव्हती. ज्याने ओढली तो केव्हाच मेला होता.

मास्तर खाली बसले. कुणीतरी मागच्या दाराने आत आलं. डोळे काढण्याआधी, किंवा काढल्यावर, ते या म्हाताऱ्यासमोर उभं राहिलं आणि त्याची माफी मागितली. परक्या चोराला लुओंगांच्या म्हाताऱ्याची कसली भीती? आणि निघताना त्याने ती सिगारेट तशीच ठेवली, कारण मेलेल्याला दिलेलं परत उचलायचं नसतं. इथल्या माणसाचा हात त्याला धजतच नाही. पाचरी पुसून ठेवणाऱ्या सावध माणसाने एवढा मोठा पुरावा त्यामुळे जागेवर सोडला.

"तुमचे वडील फिल्टर मोडून टाकायचे का?" त्यांनी येनला विचारलं.

"फिल्टर?" येन म्हणाली. "बाबांनी फिल्टरची सिगारेट कधी हातात धरली नाही. कागदात तंबाखू वळून ओढायचे. तीही सोडली."

मास्तर उठले. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा सिगारेटचं पाकीट मागितलं. दुकानदारीण त्यांची विद्यार्थिनी होती. या वयात मास्तर बिघडले, असं ती मोठ्याने म्हणाली. मास्तरांनी पैसे दिले आणि सुटे घ्यायला विसरले.

५

चौथे काका काठी टेकत आले आणि वेदीजवळच्या खुर्चीवर बसले. विन्हची बायको आली, दोन चुलतभाऊ आले. तिएनला बोलावलं होतं. तो दाराशी उभा राहिला, कुणी बस म्हटलं नाही. येन चहा देत होती, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी.

विन्हने बोलायला सुरुवात केली तेवढ्यात मास्तर पुढे झाले. त्यांचे कान तापले होते. ते म्हणाले की मी घरचा नाही, पण नकाशा माझा आहे आणि काल माझं नाव घेतलं गेलं. ठरवाल ते ठरवा. आधी प्रत्येकाने थोरल्या लुओंगांना एक सिगारेट द्यावी आणि त्यांच्यासमोर सांगावं, की डोळे मी नेले नाहीत.

येन रागाने वळली. या घरात सिगारेट पेटणार नाही, ती म्हणाली. चौथे काका म्हणाले, "पेटू दे, पोरी. तो मेलाय. आता त्याच्या छातीला काय होतंय?"

आधी काकांनी पेटवली, वाळूत उभी केली आणि शपथ घेतली. मग चुलतभावांनी. मग तिएनने. फिल्टर खाली वाळूत, जळतं टोक वर, जशी सगळे ठेवतात तशी. मास्तरांनी पाकीट विन्हपुढे धरलं.

विन्हने एक सिगारेट काढली. त्याचं लक्ष काकांकडे होतं. मनात बहुधा पुढचं भाषण चालू होतं. त्याच्या अंगठ्याने आणि बोटाने फिल्टर मोडला, टक्, आणि तो खिशात टाकला. मग त्याने सिगारेट पेटवली आणि वडिलांपुढे उभी केली.

मास्तरांनी आपल्या खिशातला फिल्टर काढून टेबलावर ठेवला.

"हा कालचा. तुम्ही इथे विसरला होतात. येनताईंना तो वेदीखाली मिळाला."

 चौथे काका पुढे वाकले. "विन्ह, तू फिल्टर का मोडलास?"

"बाबांना..." विन्ह म्हणाला आणि थांबला.

"बाबांना काय?" येनने विचारलं. "बाबा फिल्टरची ओढत नव्हते. सोडल्यावर ते काहीच ओढत नव्हते."

मास्तरांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता, पण ते थांबले नाहीत. घरच्यांनी थोरल्या लुओंगांच्या हातात फिल्टरची सिगारेट कधी बघितली नाही, ते म्हणाले. म्हणजे त्यांनी ती ओढली ती तंबाखू सोडल्यानंतर, घरापासून लपून. फिल्टर त्यांना चालत नव्हता हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ती त्यांना आणून दिली. तो माणूस इथे एकच आहे. मागच्या दाराची दुसरी किल्लीही त्याच्याचकडे आहे.

विन्हच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "दा नांगला गेला होतात ना?" ती म्हणाली. तिचा तो प्रश्न मास्तरांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जड होता.

विन्ह खाली बसला. "ते मागायचे," तो म्हणाला. "नदीच्या पायऱ्यांवर बसून मागायचे. रडायचे. तू त्यांना कोंडलं होतंस, येन. डबा फेकलास. मी काय करणार होतो?"

"मी रात्रभर त्यांची पाठ चोळत बसायचे," येन म्हणाली. ती ओरडली नाही. "खोकून खोकून रक्त पडायचं. मला वाटायचं, सोडली तरी छाती का सुधारत नाही. माझ्याच औषधात काही चुकतं का, असं वाटायचं. आणि तू पाकिटं आणत होतास."

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी एक दार उघडलं होतं आणि मागे दुसरं उघडं निघालं होतं. त्यांना क्षणभर वाटलं, गप्प बसलो असतो तर बरं. पण टेबलावरचा तो फिल्टर बघून तो विचार मागे गेला.

"डोळे कुठे आहेत?" चौथ्या काकांनी विचारलं.

 उत्तर मास्तरांनीच दिलं. ज्याला वडिलांच्या फोटोची एवढी भीती, त्याची घराचे डोळे घराबाहेर न्यायची छाती होणार नाही, ते म्हणाले. स्वतःच्या घरी नेले तर ते तिथे त्याच्याकडे बघत राहतील, आणि नदीत टाकायचं तर नावच घेऊ नका. ते इथेच आहेत. येनताई निघून गेल्यावर ते सापडायचे होते.

तिएन शिडीने माळ्यावर चढला. पूर आला की घरातलं सामान ज्या झडपेतून वर ओढतात, तिच्यामागे जुन्या फळ्यांच्या आड ते होते. नव्या लाल कापडात गुंडाळलेले, भिंतीकडे तोंड करून ठेवलेले.

६

चौथे काका उठले. त्यांनी विन्हकडची किल्ली मागून घेतली आणि येनच्या हातात दिली. कॉफीवाल्याला नकार कळवायचा, तोही विन्हनेच. कुणीतरी म्हणालं, भाऊच आहे, माफ कर. येनने त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने पेला उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"डोळे तूच लावायचेस," तिने भावाला सांगितलं. "आत्ता. बाहेर माणसं उभी आहेत तोवर."

विन्ह रस्त्यावर शिडीवर चढला. तिएन आतून पाचरी ठोकत होता आणि प्रत्येक ठोक्याला त्याने जरा जास्तच जोर लावला. खाली पाहुणे हातात नकाशा धरून थांबले होते आणि वर बघत होते, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. कुणीतरी फोटो काढला. विन्हने तोंड फिरवलं, पण फिरवायला जागा नव्हती. दोन्हीकडे माणसंच होती.

सगळे गेल्यावर मास्तर विसरलेली छत्री घ्यायला परत आले. येन वेदीसमोर उभी होती. सिगारेटी जळून गेल्या होत्या. तिने मास्तरांना बघितलं नाही.

"तुम्ही बघितलंत कोण आलं ते," ती फोटोला म्हणत होती. "तुमच्यासमोर काढले त्याने. आणि तुम्ही एका सिगारेटीवर गप्प बसलात. जिवंतपणी बसायचात तसेच."

संध्याकाळचा चहा ओतायची वेळ झाली होती. तिने आईच्या फोटोपुढचा पेला भरला, आजोबांचा भरला, आजीचा भरला. वडिलांचा पेला उचलून पालथा घातला, किटली खाली ठेवली आणि दिवा लावायला गेली.